गंगथडीचा कोरा कागद

युरोपीय ग्रंथकार ज्या नदीस ‘अज्ञात’ म्हणतात, ती कोणास अज्ञात, हे विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी तीरावरच्या लोकांची गंगा, आणि तिचा काठ तो गंगथडी. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनापाशी निजाम तोफखान्यासह पैलतीरी गेला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी दक्षिण तीरी राहिला. पेशव्यांनी तोच समय साधला. विठ्ठल सुंदर पडला, आणि भरल्या नदीमुळे पलीकडून कुमक येईना. नदीचे असे ज्ञान ज्यांच्यापाशी होते, त्यांनी ते कागदावर मात्र उतरविले नाही.

पुढे १९ वर्षांनी, १७८२ मध्ये, जेम्स रेनेलचा हिंदुस्थानचा नकाशा लंडनमध्ये निघाला. दख्खनचा हा अंतर्भाग त्याने पाहिलेला नव्हता. इतरांच्या कुचाच्या नोंदी जुळवून त्याने रेषा ओढल्या. अशा नोंदींत दिशा होकायंत्राने आणि अंतर चाकाने वा चालीच्या वेळेवरून घेत. त्यामुळे रस्ता जेथे नदी ओलांडी तेथे नदी बरीचशी खरी. मधली वळणे अनुमानाची. १७९२ नंतर कॉलिन मॅकेन्झीने निजामी मुलुखाची पाहणी आरंभिली, तेव्हा कोठे हे चित्र सुधारू लागले.

रेनेलचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. गुजरातचा नकाशा काढणाऱ्या सदानंद नामक ब्राह्मणाचा त्याने नावानिशी गौरव केला. गंगथडीच्या नावाड्यांचे नाव आम्ही पाहिलेल्या एकाही नकाशावर नाही.