प्रवासांतील ग्रंथ व असईची लढाई

मनुष्य घरीं कोणते ग्रंथ बाळगतो यापेक्षां प्रवासास निघतांना कोणते बरोबर घेतो, यावरून त्याच्या बुद्धीचा कल अधिक नेमका कळतो. घरचा संग्रह वडिलोपार्जित असूं शकतो. वाटेचें ओझें मात्र निवडूनच उचलावें लागतें. अशा निवडीचें इतिहासांत मोल किती, हें जालना जिल्ह्यांतील एका प्रसंगावरून पाहूं.

ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई येथें शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशीं इंग्रजांची लढाई झाली. इंग्रज सेनापति आर्थर वेलस्ली १७९६ सालीं हिंदुस्थानास निघाला, तेव्हां त्यानें पन्नास पौंडांहून अधिक किंमतीचे ग्रंथ बरोबर घेतले होते. त्यांची यादी उपलब्ध आहे. तींत हिंदुस्थानचे इतिहास आहेत, युद्धविषयक ग्रंथ आहेत, तसेच लॉक, व्होल्तेर, स्विफ्ट, ब्लॅकस्टन व ॲडम स्मिथ हेही आहेत. सीझरचीं युद्धवृत्तें आपण हिंदुस्थानांत जवळ बाळगीत असूं, रोज छावणीस तटबंदी करणें व टोपलीच्या नावांनीं नद्या उतरणें हें त्यांतून शिकलों, असें त्यानें पुढें उतारवयांत सांगितलें.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक, कातड्यानें मढविलेल्या टोपलीच्या नावा दक्षिणेंतील नद्यांवर पूर्वापार चालत. सोळाव्या शतकांत विजयनगरास आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशानें त्यांचें वर्णन केलें आहे. ग्रंथानें सांगितलें तें देशास आधींच ठाऊक होतें. दुसरी, असईस केळणा नदीला उतार नाहीं असें वाटाडे सांगत असतां वेलस्लीनें दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेलीं गांवें पाहिलीं व उतार असलाच पाहिजे असें ताडलें. हें नैयायिकांचें शेषवत् अनुमान होय. न्यायभाष्यांत त्याचें उदाहरणही नदीचेंच आहे. सारांश, यादीवरून मनाची तयारी कळते, कृति कळत नाहीं. तथापि यादीच नसती तर एवढी तुलनाही करितां आली नसती.

आमच्याकडे अशा याद्यांचें काम बाडें करितात. याच जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मस्थान (१६०८). मठांत, देवळांत व धर्मशाळांत मुक्काम करीत हिंडणाऱ्यास सुट्या पानांची, फळ्यांमध्यें बांधलेली पोथी अवघड. शिवलेलें बाड झोळींत मावतें. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं गांवोगांव फिरून रामदासी कागद जमविले, म्हणून पुष्कळ साहित्य वांचलें. एकाच बाडांत प्रकरणें, आरत्या, औषधें व हिशेब शेजारीं शेजारीं असतात. तो शेजार हाच त्या प्रवाशाच्या वाचनाचा पुरावा होय.

दुर्दैवानें विषयवार मांडणी करितांना बाडें उसवून वेदान्त एका रुमालांत व वैद्यक दुसऱ्या रुमालांत घालण्याची चाल पडली. ग्रंथ राहतो, वाचक नाहींसा होतो. म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, बाडाची शिवण मोडूं नये, पानांचा मूळ क्रम टिपावा, समाप्तिलेखांतील स्थळ व मिति उतरून घ्यावी, आणि हिशेबाचें चिटोरेंही वेगळें काढूं नये. कोण कोठें मुक्कामास होता, हें कित्येकदां त्या चिटोऱ्यासच ठाऊक असतें.