मधल्या बाकावरचा संघ

परवा संध्याकाळी फिरून घरी परतत होतो. गावाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर मुलं टेनिस बॉलने क्रिकेट खेळत होती. त्यांच्यातला एक धावत आला आणि म्हणाला, "सर, आपण मुंबईचे की महाराष्ट्राचे?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग उलगडा झाला. तो रणजी करंडकाबद्दल विचारत होता.

उत्तर सोपं आहे. आपला उरण तालुका रायगड जिल्ह्यात, आणि रायगड जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे. २०२४ साली अटल सेतू सुरू झाल्यापासून जासईहून शिवडी अगदी हाकेच्या अंतरावर आली. क्रिकेटच्या नकाशावर मात्र जासई अजून बोरघाटाच्या वाटेनेच जाते. मी मुलाला तसं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे आपण मधलेच," तो म्हणाला आणि पुन्हा खेळायला गेला.

तो शब्द डोक्यात घोळत राहिला. मधले म्हणजे कोण? आणि ते मधले कशामुळे राहतात?

आजच्या मुलांना आश्चर्य वाटेल, पण महाराष्ट्र नावाचा क्रिकेट संघ महाराष्ट्र राज्याहून जुना आहे. राज्य झालं १९६० साली, रणजी करंडक सुरू झाला १९३४-३५ मध्ये. म्हणूनच आज एका राज्याचे तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पहिल्या काही वर्षांत हा पुण्याचा संघ मधला मुळीच नव्हता. प्रा. दि. ब. देवधर हे पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे गृहस्थ त्याचे कर्णधार होते, आणि त्यांच्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. त्यातल्या पहिल्या हंगामात सांगलीच्या विजय हजारे यांनी महाराष्ट्रासाठी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. गंमत अशी की पुढे हजारे त्याच बडोद्याकडून खेळू लागले! राजाश्रय तिकडे होता.

१९४८-४९ चा हंगाम तर विलक्षणच. डिसेंबरमध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर पोचले. ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम ४५२ चा. तेवढ्यात प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामनाच सोडून दिला. प्रथम दर्जाच्या सामन्यात भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे, आणि निंबाळकरांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. त्याच हंगामात उपांत्य फेरीत मुंबईशी गाठ पडली. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २३७६ धावा! महाराष्ट्राने चौथ्या डावात सहाशेच्या वर धावा केल्या आणि तरी ३५४ धावांनी हरला. शेजारी कोण आहे, यावर आपली पत किती अवलंबून असते हे या एका सामन्यावरून कळावं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. देशातले संघ पाच विभागांत वाटलेले होते. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र. १९५७-५८ पासून विभागातले सगळे संघ एकमेकांशी खेळत आणि पहिला आलेला एकच संघ बाद फेरीत जाई. एकच! आणि मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा करंडक जिंकला. म्हणजे त्यातले पहिले बारा हंगाम पश्चिम विभागातल्या दुसऱ्या कोणत्याही संघाला विभागाबाहेर पाऊल टाकता आलं नाही. चंदू बोर्डे यांच्यासारखा खेळाडू आधी बडोद्याकडून आणि मग महाराष्ट्राकडून खेळला, पण विभागाच्या उंबरठ्यावर मुंबई उभी असायचीच. तो विभाग कमकुवत होता असंही नाही. १९६१-६२ मध्ये विभागांमधला दुलीप करंडक सुरू झाला, तेव्हा पहिला विजेता पश्चिम विभागच होता.

मग १९७०-७१ मध्ये नियम बदलला. प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले. आणि त्याच वर्षी महाराष्ट्र अंतिम फेरीत! समोर अर्थात मुंबई. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते, तरी सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच जिंकली.

१९९२-९३ मध्ये दोनाचे तीन संघ झाले. त्या वर्षीही महाराष्ट्र अंतिम फेरीत पोचला आणि पंजाबकडून हरला. पुढे २००२-०३ मध्ये विभागांची पद्धतच गेली, वरचा गट आणि खालचा गट आले. २०१३-१४ मध्ये महाराष्ट्र सर्वांत खालच्या गटात होता. त्या गटातूनही उपांत्यपूर्व फेरीची वाट ठेवलेली होती. तिथे पोचून त्यांनी गतविजेत्या मुंबईला वानखेडेवर हरवलं! केदार जाधवने त्या हंगामात १२२३ धावा केल्या. अंतिम सामना कर्नाटकाने जिंकला.

अंतिम फेरीतले हे तीनही पराभव मी परवा रात्री एका कागदावर मांडले, तेव्हा लक्षात आलं की दार थोडं उघडलं की हा संघ आत शिरतो. एकच जागा असते तेव्हा दुसरा आणि पाचवा यांत फरक उरत नाही. दोघंही बाहेरच.

पण सगळा दोष दाराला द्यावा तर तेही खरं नाही. विभाग गेल्यावर दार सगळ्यांनाच उघडं झालं. गुजरातने २०१६-१७ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईलाच हरवून पहिला करंडक नेला. सौराष्ट्राने २०१९-२० आणि २०२२-२३ मध्ये जिंकला. विदर्भ १९५७-५८ पासून खेळतोय. त्यांना पहिला करंडक मिळायला २०१७-१८ साल उजाडलं, आणि मग त्यांनी २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही तो मिळवला. मुंबईच्या ४२ विजेतेपदांकडे बघत बसले असते तर हे घडलं नसतं. या काळात महाराष्ट्राला २००९-१० ची सय्यद मुश्ताक अली स्पर्धा जिंकता आली, रणजी करंडक मात्र नाही. संधी नसणं आणि संधी वाया जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला दोन्ही आल्या.

हे लिहिताना स्वतःचीच एक गोष्ट आठवते. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला शाळेतून एकच विद्यार्थी पाठवायचा नियम होता. निवड माझ्याकडे होती. तीन वर्षं मी एकाच हुशार मुलाला पाठवलं. बक्षिसं आली, माझंही कौतुक झालं. वर्गात दुसरा एक मुलगा होता, त्याच्यापेक्षा थोडासाच कमी. दुसऱ्या कुठल्याही शाळेत तो पहिला ठरला असता. बऱ्याच वर्षांनी तो मला एका लग्नात भेटला. वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाला, "सर, मी तिन्ही वर्षं भाषण पाठ करून ठेवलं होतं." मला काय बोलावं सुचेना. नियम माझा नव्हता हे खरं. पण तीनपैकी एका वर्षी तरी त्याला पाठवणं माझ्या हातात होतं. त्याची पात्रता मला माहीत होती, आणि तरी मी तिला 'मधली' म्हणून बाजूला ठेवली.

असो. काल पुन्हा तोच मुलगा भेटला. मी त्याला थांबवून ४४३ ची गोष्ट सांगितली, वानखेडेवरच्या विजयाची सांगितली. त्याने नीट ऐकून घेतलं.

"पण सर, आपण शेवटचा करंडक कधी जिंकलो?"

"१९४०-४१ मध्ये."

तो हसला. "मग आता आपला नंबर आहे," म्हणाला आणि बॉलिंग टाकायला पळाला.