खिद्रापूरचें देवालय व त्याभोंवतींचीं घरें

शिरोळ तालुक्यांत कृष्णेच्या कांठीं, कर्नाटकाच्या सीमेस लागून खिद्रापूर हें गांव आहे. चोल व चालुक्य यांचें इ. स. १०५४ चें युद्ध जेथें झालें तें कोप्पम् हेंच, असें कित्येक विद्वानांचें मत आहे. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. कोपेश्वराच्या देवालयाची थोरवी मात्र निर्विवाद आहे. स्वर्गमंडप, त्याच्या माथ्यावरील मोकळें वर्तुळ व त्याखालील वर्तुळाकार शिला हीं ज्यानें एकदां पाहिलीं त्यास तीं विसरत नाहींत. आमच्या वाचकांस याहूनही ओढ यादवनृपति सिंघणाच्या शिलालेखाची असेल. तेराव्या शतकाच्या आरंभींच्या या लेखांत देवाच्या पूजेप्रीत्यर्थ मिरिंजी देशांतील एक गांव दान दिल्याचा निर्देश आहे. देवालय राखावयाचें तर त्याचा भार कोणावर घालावयाचा, हें त्या काळीं दगडावर कोरून जाहीर करीत.

आज तो भार कोणी जाहीर करीत नाहीं. देवालय केंद्रसंरक्षित आहे. १९५८ च्या कायद्यास २०१० सालीं जी दुरुस्ती झाली तिच्या अन्वयें संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचें क्षेत्र प्रतिषिद्ध व त्यापुढील २०० मीटर विनियमित ठरलें. आग्र्याचा ताजमहाल असो कीं वस्तींत बसलेलें खिद्रापूरचें देवालय असो, माप एकच. प्रतिषिद्ध क्षेत्रांत नवें बांधकाम वर्ज्य आहे. १६ जून १९९२ पूर्वींच्या घराची डागडुजी परवानगीनें करतां येते. पडलेलें घर पुन्हां उभारण्याची परवानगी मात्र विनियमित क्षेत्रांतच मिळूं शकते.

हा भेद कागदावर लहान दिसतो. कृष्णाकांठीं तो तसा नाहीं. २००५, २०१९ व २०२१ या सालीं या तालुक्यांत महापूर आले. दिवसेंदिवस पाण्यांत राहिलेली मातीची भिंत पाणी ओसरल्यावर बसते, आणि मग तें काम डागडुजीचें राहत नाहीं. धन्याची ऐपत असेल तर तो दुसरीकडे जागा घेतो. ज्याची नाहीं त्यानें काय करावें? ग्रामीण आवास योजनेंत २०१६ सालीं सपाट प्रदेशासाठीं ठरलेले १,२०,००० रुपये घर बांधण्याकरितां होते, जागेकरितां नव्हेत. देवालयाच्या संरक्षणाची किंमत अशा रीतीनें गांवांतील सर्वांत दुर्बळ घरावर पडते.

नियमच उठवावा, असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. शिल्पांकित भिंतीस खेटून तीन मजली इमारत उभी राहिली तर होणारी हानि भरून निघणारी नव्हे. परंतु त्याच कायद्यांत प्रत्येक स्मारकाकरितां स्वतंत्र उपविधि करण्याची तरतूद आहे. मूळ जोतें व मूळ उंची न ओलांडतां पुरानें पडलेलें जुनें घर पुन्हां बांधूं द्यावें, एवढी सोय कायद्यांत करून तिचा तपशील या उपविधींत घालावा. कौलारू छपराची अट घालावयाची असेल तर तिचा वाढीव खर्च सरकारनें सोसावा. जुन्या दप्तरांसाठीं आपण ज्यांचे माळे धुंडाळतों तीं घरें अशींच असतात. भिंत बसली कीं माळ्यावरचे रुमालही चिखलांत जातात.

याकरितां प्रथम देवालयाभोंवतींच्या प्रत्येक घराचें जोतें, उंची व बांधणी यांचा नकाशासह तक्ता झाला पाहिजे. पुराव्यावांचून जुनें घर कोणतें हेंच ठरणार नाहीं. हा तक्ता पुढील पावसाळ्यापूर्वीं व्हावा.