गायरान आणि ‘अतिक्रमण’ हा शब्द

गायरान कसणाऱ्या भूमिहीनाला सरकारी कागद ‘अतिक्रमणधारक’ म्हणतो. पण ज्या गावगाड्याने अस्पृश्यांना पिढ्यानपिढ्या जमिनीपासून दूर ठेवले, तिथे त्याने कसायचे कुठे?

हाच प्रश्न दादासाहेब गायकवाडांनी रस्त्यावर आणला. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी भूमिसत्याग्रह केला. लाखो लोक तुरुंगात गेले. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही प्रमुख मागणी होती.

पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने, १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी गायरान कसणाऱ्या मागासवर्गीय भूमिहीनांचा ताबा नियमित करण्याचे धोरण मान्य केले. म्हणजे ‘गुन्हा’ नव्हे, हक्क!

कायदाही एकतर्फी नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ५० अतिक्रमण काढण्याचा अधिकार देते. लगतचे कलम ५१ रक्कम आकारून तीच जमीन कसणाऱ्याला देण्याचा. फरक इतकाच, की ५० ची नोटीस घरी येते आणि ५१ आपल्याला मागावे लागते.

म्हणून बांधवांनो, गाव नमुना १-ई मधील नोंद आणि दंडाच्या पावत्या जपा. शिक्षा म्हणून फाडलेली पावतीच उद्या ताब्याचा पुरावा असते.

जय भीम!