दप्तरातील कालशोध : खानदेश

ठराविक दोन दिनांकांच्या दरम्यानचे कागद मोठ्या संग्रहातून अल्प श्रमात काढण्याच्या पद्धतीस कालशोध म्हणता येईल. संगणकीय माहितीसंग्रहांमुळे हा प्रश्न आज परिचित झाला असला, तरी मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकांपुढे तो फार पूर्वीच उभा होता. खानदेशात त्याचे प्रमुख स्थान धुळे होय. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांचे निधन धुळे येथे झाले व १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले.

मूळ अडचण कागदांच्या संख्येपेक्षा कालनिर्देशात आहे. पेशवेकालीन पत्रावर बहुधा हिजरी महिना व चंद्र (दिवस) असतो. वर्ष मात्र सुहूर सनाचे आणि तेही अरबी संख्याशब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर ११६१. त्यात ५९९ मिळविले की इ. स. १७६० येते, सन मृगारंभी पालटत असल्याने हे वर्ष जून १७६० ते जून १७६१ असे ठरते. पानिपतची लढाई (१४ जानेवारी १७६१) याच वर्षातील. शकगणनेने तो दिवस पौष शुद्ध ८, शके १६८२ असून महसुली फसली सन ११७० होय. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सु. ११ दिवसांनी लहान असल्यामुळे एकाच सुहूर वर्षाच्या आरंभी व अखेरीस तेच चंद्र पुन्हा येतात. असा कागद वर्षारंभीचा की वर्षअखेरचा, हे मजकुरावरूनच ठरवावे लागते. अनेक खासगी पत्रांवर तर सनही नसतो. त्यामुळे लिहिलेल्या मितीप्रमाणे कागद लावल्यास कालक्रम साधत नाही आणि एका मोसमातील घडामोडी पाहण्यासाठी सर्व रुमाल सोडावे लागतात.

यावरील उपाय जंत्रीचा. बाळाजी प्रभाकर मोडक व शिवकालासाठी गणेश सखाराम खरे यांच्या जंत्र्या मराठी संशोधकांच्या नित्य वापरातील आहेत. धुळे येथेही काही काळ अध्यापन केलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेला भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. जंत्रीमुळे भिन्न सनांतील मित्या एकाच गणनेत येतात. ज्योतिर्गणितातील जूलियन दिनांक हे तिचे सर्वांत निर्भेळ रूप : पानिपतच्या दिवसाचा अंक २३६४२६६. असा अंक सतत वाढतच जातो, म्हणून त्याच्या क्रमाने सूची लावता येते.

संगणकीय सूचीचे तत्त्व हेच आहे. रूडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेली बी-वृक्ष रचना नोंदी क्रमाने ठेवते. क्रमबद्ध दहा लक्ष नोंदींत दर वेळी निम्मा भाग वगळत गेल्यास सु. २० तुलनांत इष्ट स्थळ सापडते. पुढील नोंदी ओळीने वाचावयाच्या असतात. दिनांक अक्षररूपाने, दिवस आधी व वर्ष शेवटी असा साठविला, तर मात्र जुन्या रुमालांचाच गोंधळ पुन्हा ओढवतो. प्रत्येक नोंदीतून वर्ष वेगळे काढून मग तुलना केली, तरी दिनांकाच्या साध्या सूचीचा उपयोग होत नाही व सारा संग्रह वाचला जातो. त्याऐवजी वर्षाचा पहिला दिवस धरून पुढील वर्षाच्या पहिल्या दिवसापूर्वीच्या नोंदी मागाव्या लागतात. वर्षवार रुमाल बांधण्याची जुनी रीतही संगणकात विभाजनाच्या रूपाने टिकून आहे; नको असलेले रुमाल सोडावेच लागत नाहीत.

मुदतीच्या कागदांची गोष्ट निराळी. १८०२ मधील होळकरी सैन्याची लूट व १८०३–०४ चा दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला. पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी इस्ताव्याचे कौल देत. त्यांत सारा दरसाल वाढत जाई. अमुक वर्षी कोणते कौल चालू होते, हे केवळ आरंभतिथीच्या क्रमाने कळत नाही, कारण फार पूर्वी दिलेला लांब मुदतीचा कौलही त्या वर्षी चालू असू शकतो. तेथे आरंभ व अखेर या दोन्हींची सूची हवी. सन नसलेल्या पत्रासही हीच रीत लागू पडते : मजकुरावरून ठरणारी सर्वांत आधीची व सर्वांत नंतरची शक्य मिती अशा दोन मर्यादा नोंदविल्या, तर शोधकाला ते पत्र दोहोंमधील कोणत्याही वर्षी हाती लागते.