पद्मिनीची थरथर आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीचा सांधा

१/ वाशीच्या खाडीपुलावर एखाद्या जुन्या प्रीमियर पद्मिनीने ताशी ६० किलोमीटरचा वेग गाठला, की कधी कधी तिची फरशी पायाखाली थरथरू लागते. कुर्ल्याच्या गर्दीत ताशी ३० ने चालताना हीच गाडी शांत असते. ही थरथर कोठून येते? उत्तरासाठी १६७६ पर्यंत मागे जावे लागते.

२/ पद्मिनी आणि नवी मुंबई समवयस्क आहेत. सिडकोची स्थापना १९७० ची, खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा आणि गाडीचे ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ चे. गाडी मात्र मूळची इटलीची, फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली.

३/ आरंभी हे काम परदेशी सुटे भाग जोडण्याचे होते. १९५३ नंतर सरकारी धोरण बदलले: येथे भाग घडवा, नाहीतर धंदा आवरा. १९२८ पासून मुंबईत मोटारी जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली, प्रीमियर टिकली. १९६४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० डी तयार होऊ लागली. हीच पुढे पद्मिनी झाली.

४/ या गाडीचे इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना. दोहोंना जोडतो तो प्रोपेलर शाफ्ट. आरंभीच्या अनेक मोटारींत हे काम सायकलसारखी साखळी करी. १८९८ च्या डिसेंबरात लुई रेनॉ या तरुणाने शाफ्टवर चालणारी आपली छोटी गाडी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर चढवून दाखवली आणि साखळीचे दिवस भरले.

५/ अडचण एकच होती. गिअरबॉक्स जागच्या जागी असतो. मागचा आस खड्ड्यागणिक वरखाली होतो. मधला शाफ्ट वाकतही हवा आणि फिरतही हवा. यासाठीचा सांधा तयारच होता. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७६ मध्ये सूर्यनिरीक्षणाच्या उपकरणासंबंधीच्या पुस्तकात त्याचे वर्णन केले होते. दोन बेचकी आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हासारखा तुकडा. गॅरेजमध्ये त्याला आजही ‘क्रॉस’ म्हणतात.

६/ या सांध्यात एक उपजत खोड आहे. तो कोनात फिरला, की पलीकडची बाजू एका फेरीत दोनदा जलद व दोनदा मंद होते. उपाय असा: दोन्ही टोकांना सांधे ठेवावेत, त्यांचे कोन सारखे असावेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांची बेचकी एका रेषेत असावीत. मग एकाची चूक दुसरा पुसतो.

७/ शिवाय लांब शाफ्ट वेगात दोरीसारखा झोल खाऊ लागतो. म्हणून पद्मिनीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मध्ये रबरात बसवलेले सेंटर बेअरिंग असते. ताशी ६० ला हा शाफ्ट मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेऱ्या घेतो. थोडासा असमतोलही एवढ्या वेगात लपत नाही.

८/ निदानाची पहिली पायरी: कंप जाणवतो कोठे? चाके शाफ्टच्या सुमारे चौथ्या हिश्श्याने फिरतात. त्यामुळे चाकांचा दोष संथ, ढोबळ असतो. पुढच्या चाकाचा असेल तर स्टिअरिंगवर कळतो. शाफ्टचा कंप बारीक आणि घाईचा. तो फरशीत व आसनात उतरतो.

९/ दुसरी पायरी: मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून चौथ्याऐवजी तिसरा गिअर टाकायचा. इंजिनाच्या फेऱ्या वाढतात. शाफ्टच्या तेवढ्याच राहतात. कंप बदलला तर संशय इंजिनावर. बदलला नाही तर इंजिन सुटले. चाके आधीच तपासलेली असतील, तर शाफ्टकडे वळायचे.

१०/ तिसरी पायरी: केव्हा? गाडी उभ्यावरून निघताना हिसके बसत असतील, तर सेंटर बेअरिंगचे रबर गेलेले असण्याचा संभव. क्लच सोडताच ‘टक्’ असा आवाज आला, तर क्रॉस झिजलेला. पावसाळी पाण्यात बुडून ग्रीस धुतले गेले, की तो लवकर झिजतो. वेगाबरोबर कंप वाढतच गेला, तर शाफ्ट वाकलेला किंवा असमतोल.

११/ पुष्कळदा दोष दुरुस्तीतूनच जन्मतो. शाफ्ट खुणा न करता उघडला आणि दातेरी जोड परत बसवताना एक-दोन दाते चुकले, की बेचकी एका रेषेत राहत नाहीत. मग नवा क्रॉस आणि नवे बेअरिंग घालूनही थरथर कायम राहते आणि धडधाकट मूळ भाग मात्र भंगारात जातात.

१२/ हे नुकसान आता भरून निघणारे नाही. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत टॅक्सी म्हणून तिचे अधिकृत अस्तित्वही संपले. दुसरीकडे, २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. १९७४ ची पहिली पद्मिनी आता त्या उंबरठ्यापाशी पोहोचली आहे.

१३/ जाणता मिस्त्री म्हणूनच पाना उचलण्यापूर्वी खडू उचलतो. जोडाच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन पांढऱ्या रेघा ओढतो आणि मगच पहिला नट सैल करतो. हूकच्या सांध्याची खोड पुसण्याचा उपाय त्या दोन रेघांत शाबूत राहतो.