पदवी, मनोरा आणि कॉलेज : ठाणे परिसरातील विद्यापीठाभिमानाचा इतिहास

ठाणे पूर्वेच्या कोपरीतून पदवीधर होणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रावर मुंबई विद्यापीठाचे नाव असते. त्यांची शिक्षणाची वर्षे मात्र संलग्न महाविद्यालयात जातात. ते कधी ठाण्यातले असते, कधी मुलुंड-माटुंग्याचे, तर कधी कल्याण-उल्हासनगरचे. प्रवेश आणि ओळखपत्र कॉलेजचे, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची, ही विभागणी विद्यापीठाच्या स्थापनेइतकीच जुनी आहे. विद्यापीठाविषयीचा अभिमान या भागात आधी पदवीला, मग वास्तूला, त्यानंतर अध्यापकांना आणि अखेरीस घराजवळच्या कॉलेजला चिकटत गेला. या प्रत्येक टप्प्यामागे ठरावीक कारणे आहेत.

1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानुसार 1857 मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन इलाख्यांच्या राजधान्यांत विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईचा कायदा 18 जुलै 1857 चा. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेली ही संस्था सुरुवातीला शिकवत नव्हती. ती परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवण्याचे काम एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांचे. पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, 1859 मध्ये झाली आणि 1862 मध्ये पहिले चार बी.ए. बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढची अनेक दशके पदवीधर इतके थोडे होते की बी.ए. ही अक्षरे नावामागे उपाधीसारखी लावली जात. अभिमानाचा पहिला आधार असा दुर्मीळतेचा आणि परीक्षेच्या काठिण्याचा होता.

मॅट्रिकची परीक्षाही विद्यापीठच घेत असे. त्यामुळे ठाणे-कल्याणच्या शाळकरी मुलाचा विद्यापीठाशी पहिला संबंध कॉलेजात पाऊल ठेवण्यापूर्वीच येई. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घराघरांत माहीत होती. 1912 मध्ये ती मिळवणारे चिंतामण द्वारकानाथ देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. विसाव्या शतकाच्या मध्याला शालान्त परीक्षा स्वतंत्र मंडळाकडे गेली आणि विद्यापीठाचा शाळेशी असलेला हा थेट धागा तुटला.

विद्यापीठाला दिसणारे रूप मिळाले ते फोर्टमधील इमारतींमुळे. लंडनचे वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी न पाहिलेल्या मुंबईसाठी आराखडे पाठवले. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिलेले दीक्षान्त सभागृह 1874 मध्ये पूर्ण झाले. ग्रंथालय आणि त्यावरचा मनोरा यांसाठी कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी प्रत्येकी दोन लाख रुपये दिले. 1878 मध्ये पूर्ण झालेल्या सुमारे 280 फूट उंच मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईचे नाव दिले गेले. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींचे पुतळे बसवलेले आहेत. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी रेल्वे 16 एप्रिल 1853 रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी मार्ग कल्याणपर्यंत गेला. म्हणजे विद्यापीठ जन्माला आले तेव्हा ठाणे आणि कल्याण रेल्वेने मुंबईशी जोडलेले होते. स्वतःचे कॉलेज नसूनही या गावांना राजाबाई टॉवर परका वाटला नाही, याचे हे एक कारण.

अभिमान सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. स्त्रियांना विद्यापीठाचे दरवाजे 1880 च्या दशकात उघडले. कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकाच्या शिक्षणासाठी 1883 मध्ये अमेरिका गाठली आणि 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली. स्त्रियांसाठी वेगळे विद्यापीठ धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये काढले; विठ्ठलदास ठाकरसी यांच्या देणगीनंतर ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मराठीतून उच्च शिक्षण घेता येणे हा तिथल्या विद्यार्थिनींच्या अभिमानाचा विषय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1912 मध्ये एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले आणि 1946 मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना हे कॉलेज हक्काचे वाटले. पदवी मुंबई विद्यापीठाचीच होती, पण तिच्याशी जोडलेली भावना सिद्धार्थची होती.

पहिल्या महायुद्धानंतर विद्यापीठ स्वतः शिकवू लागले. 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि पुढे गो. स. घुर्ये यांनी त्याला देशभर नाव मिळवून दिले. 1933 मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. यूडीसीटी या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा विभाग आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी हे स्वतंत्र विद्यापीठ आहे, तरी जुने विद्यार्थी आपली ओळख अजूनही यूडीसीटीचे अशीच सांगतात. आपण कोणाच्या हाताखाली शिकलो, हे सांगण्याची रीत अशा विभागांनी रुजवली.

फाळणीनंतर या इतिहासात कोपरी आणि कल्याण वेगळ्या अर्थाने आले. सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत कोपरीत झाली आणि कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांतून 1949 मध्ये उल्हासनगर उभे राहिले. 1947 मध्ये सिंध विद्यापीठ स्थापन होईपर्यंत सिंधमधली कॉलेजे मुंबई विद्यापीठालाच संलग्न होती. कराचीचे 1887 चे डी. जे. सिंध कॉलेज हे त्यांतले प्रमुख. त्यामुळे घर, गाव आणि व्यवसाय मागे टाकून आलेल्या सिंधी पदवीधराचे विद्यापीठ बदलले नाही. ज्या मुंबईच्या शिक्क्याची पदवी तो कराचीत मिळवत होता, त्याच शिक्क्यासाठी त्याची मुले आता ठाण्यातून अभ्यास करू लागली. हैदराबादच्या (सिंध) नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी यांनी बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांच्यासह मुंबईत नवे शिक्षण मंडळ स्थापन केले. 1949 मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज सुरू झाले आणि संस्थेच्या नावात हैदराबाद (सिंध) हे शब्द कायम राहिले. याच मंडळाने 1965 मध्ये उल्हासनगरात चांदीबाई हिंमतमल मनसुखानी कॉलेज काढले. हरवलेल्या गावाची आठवण संस्थेच्या रूपाने जपणे हा इथल्या अभिमानाचा खास पैलू ठरला.

साठच्या दशकापर्यंत ठाण्याच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी बहुधा लोकल पकडावी लागे. माटुंग्याचे रुईया कॉलेज 1937 पासून होते, फोर्टातली कॉलेजे त्याहून जुनी. 1935 मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रसारक मंडळाने डॉ. वासुदेव नारायण बेडेकर यांच्या पुढाकाराने 1969 मध्ये चेंदणी बंदर रस्त्यावर, खाडीकाठी कॉलेज उभारले. कला-वाणिज्य शाखेचे जोशी-बेडेकर आणि विज्ञान शाखेचे बांदोडकर महाविद्यालय ही त्याची आजची रूपे. 1972 मध्ये कल्याण सिटिझन्स एज्युकेशन सोसायटीचे बिर्ला महाविद्यालय सुरू झाले. डोंबिवलीला पेंढरकर महाविद्यालय मिळाले. या संस्था सरकारने वरून दिलेल्या नव्हत्या. गावातल्या डॉक्टर, वकील, शिक्षक आणि उद्योजकांनी मंडळे काढून, देणग्या जमवून त्या उभ्या केल्या. त्यामुळे कॉलेजविषयीचा आपलेपणा विद्यार्थ्यांपुरता न राहता शहराचा झाला. बांदोडकरच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना खारफुटी आणि खाडीतले जीवन अभ्यासायला शेजारीच मिळाले.

कॉलेजांमधली चुरस हा या अभिमानाचा रोजचा व्यवहार. 1935 पासून खेळल्या जाणाऱ्या रोहिंटन बारिया करंडक या आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धेत मुंबईचा दबदबा राहिला. अजित वाडेकर आणि सुनील गावसकर यांनी मुंबई विद्यापीठाकडून खेळून नाव कमावले. नाटकाच्या क्षेत्रात विद्यापीठाचा युवा महोत्सव आणि आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटर) आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा यांनी अशीच चुरस जागती ठेवली. तालमीसाठी रात्र जागवणारा विद्यार्थी स्पर्धेत ओरडतो ते कॉलेजचे नाव. विद्यापीठाचे नाव तोंडी येते ते सामना पुण्याशी किंवा नागपूरशी असेल तेव्हाच. माजी विद्यार्थ्यांचे मेळावेही कॉलेजच्याच आवारात भरतात.

विद्यापीठाचे नाव हा अस्मितेचा प्रश्न होऊ शकतो, हे मराठवाड्यात सर्वांत तीव्रतेने दिसले. 1978 मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. दंगली आणि दीर्घ लढ्यानंतर 14 जानेवारी 1994 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. मुंबईत 1996 मध्ये विद्यापीठाच्या नावातून बॉम्बे जाऊन मुंबई आले ते त्या मानाने शांतपणे.

अलीकडच्या काळात अभिमानाचे निकष पुन्हा हलले आहेत. 2017 मध्ये उत्तरपत्रिकांच्या ऑनस्क्रीन मूल्यांकनामुळे मुंबई विद्यापीठाचे निकाल काही महिने रखडले. ज्या संस्थेची प्रतिष्ठा परीक्षेवर उभी राहिली, तिच्यावरचा विश्वास परीक्षेतच ढळला. 2021 मध्ये उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकने विद्यापीठाला 3.65 गुणांकासह ए++ श्रेणी दिली आणि ती प्रतिष्ठा काही प्रमाणात सावरली. दरम्यान बाळकुमला ठाणे उपकेंद्र आणि कल्याणला दुसरे उपकेंद्र सुरू झाल्याने विद्यापीठ प्रथमच या भागात स्वतःच्या इमारतींत आले. दुसरीकडे बिर्ला, बांदोडकर आणि जोशी-बेडेकर ही महाविद्यालये स्वायत्त झाली. तिथला अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज ठरवते, पदवी मात्र विद्यापीठच देते. 1857 मध्ये शिकवणे कॉलेजचे आणि परीक्षा विद्यापीठाची होती. आता परीक्षाही कॉलेजकडे आली आहे आणि कोपरीच्या विद्यार्थ्याच्या अभिमानातला कॉलेजचा वाटा पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे.